आधी प्रकार, मग औषध : एएल अमायलॉइडोसिसच्या एका रुग्णाची हकीकत

इको आणि ईसीजी यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. इकोच्या अहवालात हृदयाची भिंत १६ मिलिमीटर जाड लिहिली होती आणि खाली शेरा होता : 'रक्तदाबामुळे जाड झालेलं हृदय'. ईसीजीच्या पट्टीवर मात्र लाटा बुटक्या. रक्तदाबाशी वर्षानुवर्षं झगडून स्नायू जाड झाला असेल तर लाटा सहसा उंच उठतात. भिंत जाड आणि लाटा बुटक्या असं दिसलं की शंका घ्यायची असते, की ही जाडी स्नायूची नाही, स्नायूपेशींच्या मधल्या फटींत काहीतरी परकं साठत चाललं आहे. आमच्या हृदयरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी ती शंका घेतली, चिठ्ठीवर 'अमायलॉइड?' एवढा एकच शब्द लिहिला आणि रुग्णाला रक्तविकार विभागात माझ्याकडे पाठवलं.

रुग्ण ६७ वर्षांचे. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून म्हणून काम करून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घरचे त्यांना तात्या म्हणत, आठवडाभरात आमच्या वॉर्डातल्या सिस्टरही म्हणू लागल्या.

आठ महिन्यांपासून चालताना धाप. आधी शेतापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, आता अंघोळ करतानाही. पायांना सूज. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. वजन नऊ किलोंनी उतरलेलं, तरी सुजेमुळे ते काट्यावर पुरतं दिसत नव्हतं. मधुमेह बारा वर्षांचा. अँजिओग्राफी झालेली, नळ्या स्वच्छ.

दोन गोष्टी कुणी विचारल्याशिवाय त्यांनी सांगितल्या नसत्या. पंधरा वर्षं चालू असलेली रक्तदाबाची गोळी वर्षभरापूर्वी बंद झाली होती, कारण दाब आपोआप उतरला होता. "बीपी गेलं बघा, पथ्याचा गुण आला," काकू कौतुकाने म्हणाल्या. धाप आणि सूज वाढत असताना जुना रक्तदाब असा निघून जातो तेव्हा मला धास्ती वाटते, आणि ती काकूंना त्याच दिवशी सांगणं मला जमलं नाही. दुसरी गोष्ट हातांची. सहा वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झाली होती. काट्यावर पावत्या लिहून लिहून नस दबली असावी, असा सगळ्यांचा समज होता.

आजार समजून घ्यायचा तर आधी प्रथिनाची घडी समजून घ्यावी लागते. शरीरातलं प्रत्येक प्रथिन ठरलेल्या घडीत दुमडलेलं असतं आणि त्या घडीवरच त्याचं काम अवलंबून असतं. काही प्रथिनांची घडी चुकते. चुकलेल्या घडीचे रेणू एकमेकांवर चिकटत जातात, त्यांचे कडक, न विरघळणारे तंतू बनतात आणि ते अवयवांत साठतात. या साठ्याला अमायलॉइड म्हणतात. हे नाव रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५४ मध्ये वापरलं; आयोडिन लावल्यावर हा पदार्थ स्टार्चसारखा रंग घेतो म्हणून. तो स्टार्च नसून प्रथिन आहे हे पुढे कळलं, पण नाव तेच चिकटून राहिलं.

घडी चुकू शकणारी प्रथिनं तिसाहून जास्त आहेत, आणि या प्रकरणाचा सगळा पेच त्यातच आहे. हृदयात साठणारी प्रथिनं बहुतेक वेळा दोन. पहिलं, रक्तपेशींच्या कारखान्यातून येणारं : अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एखादा छोटा गट बेताल होतो आणि प्रतिपिंडाचा अर्धवट तुकडा, म्हणजे लाइट चेन, सतत रक्तात सोडत राहतो. हा एएल अमायलॉइडोसिस. दहा लाखांत वर्षाला साधारण दहा जणांना होणारा, रक्तविकारतज्ज्ञाने उपचार करायचा आजार. दुसरं, यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन. त्याचा साठा उतारवयातल्या पुरुषांच्या हृदयात होतो आणि हृदयाच्या कितीतरी वर्षं आधी मनगटातली नस दाबतो. त्याला एटीटीआर म्हणतात. इकोवर दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र अगदी वेगळे : एएलला केमोथेरपी लागते, एटीटीआरला तीच केमोथेरपी म्हणजे विनाकारण विष.

तात्यांच्या बाबतीत पारडं कुणाकडे झुकत होतं? वय ६७, पुरुष, दोन्ही मनगटांची शस्त्रक्रिया, जीभ मोठी झालेली नाही, डोळ्यांभोवती जांभळे डाग नाहीत : हे सगळं एटीटीआरच्या बाजूचं. लघवीतून २४ तासांत १.२ ग्रॅम प्रथिन जात होतं, पण ते मधुमेहामुळेही जाऊ शकतं. एका प्रयोगशाळेत आधी झालेली सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणारी तपासणी, 'नॉर्मल' होती, आणि तेवढ्यावर एएलचा विचार बाजूला पडला होता. ही चूक मी वारंवार पाहिली आहे. एएलमध्ये बेताल पेशींचा गट इतका लहान असतो की इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर त्याची रेघ उमटतेच असं नाही. त्यासाठी तीन तपासण्या एकत्र लागतात : रक्ताचं इम्युनोफिक्सेशन (बेताल प्रथिनाचा प्रकार ओळखणारी, जास्त बारीक तपासणी), लघवीचं इम्युनोफिक्सेशन आणि रक्तातल्या मोकळ्या लाइट चेनची मोजणी. आम्ही तिन्ही केल्या. लाइट चेनचे प्रकार दोन, लॅम्बडा आणि कापा. इम्युनोफिक्सेशनवर लॅम्बडाची पुसट रेघ आली. मोकळी लॅम्बडा लिटरमागे १६८ मिलिग्रॅम, कापा २४.

आता पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं. तरी पुरतं नाही, कारण साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांत असा छोटा, निरुपद्रवी पेशीगट सापडतो. एटीटीआर झालेल्या माणसात तो योगायोगानेही असू शकतो. त्यात भर म्हणून टेक्नेशियम पायरोफॉस्फेटचा स्कॅन : हृदयात दुसऱ्या श्रेणीचं शोषण, म्हणजे 'पॉझिटिव्ह'. रक्तात बेताल प्रथिन नसेल तेव्हा असा स्कॅन एटीटीआरवर शिक्कामोर्तब करतो आणि बायोप्सी टळते. रक्तात ते प्रथिन असेल तर हा स्कॅन पुरावा म्हणून चालत नाही, कारण एएलच्याही काही रुग्णांत तो पॉझिटिव्ह येतो. अहवालाच्या तळाशी मात्र ठळक अक्षरांत एटीटीआर लिहिलेलं होतं, आणि थोरल्या मुलाने तो फोनवर मोठा करून मला दाखवला : "साहेब, यात तर वेगळंच नाव आहे."

आता ऊतीचा तुकडाच हवा होता. पोटाच्या चरबीतून सुईने नमुना घेतला. काँगो रेडचा रंग लावून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलं की अमायलॉइड हिरव्या सफरचंदासारखं चमकतं. चमकलं नाही. अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी ९ टक्के, पण तिथेही अमायलॉइड नाही. हे दोन्ही नमुने निगेटिव्ह आले म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही; मग थेट दुखत्या अवयवाकडे जावं लागतं. मानेतल्या शिरेतून नळी घालून हृदयाच्या आतल्या भिंतीचे चिमटीएवढे तुकडे घ्यायचे. सरावाच्या हातांत धोका कमी, पण हृदयाला भोक पडण्याची शक्यता शून्य नाही, आणि ते मी कुटुंबाला स्पष्ट सांगितलं. तुकडे निघाले, काँगो रेडने हिरवे चमकले. अमायलॉइड ठरलं. कोणतं प्रथिन, हे ठरायचं राहिलं. त्यासाठी तो नमुना प्रथिन नेमकं ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्री या तपासणीला पाठवला, आणि उत्तर यायला अकरा दिवस लागले.

ते अकरा दिवस या प्रकरणातले सर्वांत अवघड होते. हृदयाचा आजार वाढलेला होता : हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी ६,१२० आणि हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारं हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन-टी ८२. एएल असेल तर हा, याच दोन आकड्यांवरून ठरणाऱ्या मेयो वर्गीकरणातला, तिसरा टप्पा; युरोपीय उपविभागानुसार '३-अ', कारण ८,५०० ची रेषा ओलांडलेली नव्हती. एएलवर उपचार न करता राहिलं तर अंदाज महिन्यांत मोजायचा असतो. "नाव काय का असेना, औषध सुरू करा," असं धाकटा मुलगा रोज फोनवर सांगायचा, आणि त्याची कळकळ मला समजत होती. मी नाही म्हटलं. घडी चुकलेलं प्रथिन कुठलं हे माहीत नसताना केमो देणं मला मान्य नाही, मग रुग्ण कितीही खालावलेला असो. चुकीच्या प्रकारावर दिलेली योग्य केमो हृदय आणखी थकवते आणि मूळ आजार तसाच राहतो.

वाट पाहायची म्हणजे हात बांधून बसायचं नव्हतं. लघवी वाढवणारी औषधं हळूहळू वाढवून पायांचं पाणी उतरवलं. मेटोप्रोलॉलची गोळी चालू होती, ती थांबवली : ताठरलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू शकत नाही, ठोक्यांची संख्या वाढवूनच ते भागवतं, आणि ही गोळी नेमकी ती संख्या कमी करते. ठोक्यांची सलग नोंद करणारा होल्टर लावला. हिपॅटायटिस बी तपासला. आणि रक्तपेढीकडून लाल पेशींचा सविस्तर गट आधीच काढून ठेवला. त्याचं कारण पुढे येईल.

बाराव्या दिवशी अहवाल आला : लॅम्बडा लाइट चेन. एएल. अस्थिमज्जेच्या फिश तपासणीत ११ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदलही सापडली होती. ती एएलच्या साधारण निम्म्या रुग्णांत असते आणि औषध निवडताना तिचा विचार करावा लागतो.

पर्याय

एएलच्या उपचारांचं मूळ सूत्र सोपं आहे. साठलेलं अमायलॉइड धुऊन काढणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही. जे करता येतं ते म्हणजे नवीन लाइट चेनचा पुरवठा तोडणं, आणि शक्य तितक्या लवकर, शक्य तितका पूर्ण तोडणं. मोकळी लाइट चेन रक्तात काही तासच टिकते, त्यामुळे पेशी मेल्या की आकडा झपाट्याने पडतो. अवयव मात्र सावकाश सावरतो; सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. हे अंतर समजलं नाही तर रुग्ण आणि डॉक्टर दोघंही मध्येच धीर सोडतात.

मी हे सांगत होतो तेव्हा तात्यांनी हात वर केला. मी लॅम्बडातून कापा वजा करून उरणाऱ्या आकड्याबद्दल बोलत होतो. उपचारांचा परिणाम त्याच फरकावर मोजतात. तात्या म्हणाले, "म्हणजे भरलेली गाडी, मोकळी गाडी, न् निव्वळ ऊस." यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मला सुचलं नसतं. १६८ वजा २४, निव्वळ १४४. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि तीन रकाने आखले.

पहिला पर्याय, स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण : मेल्फालानचा मोठा डोस देऊन अस्थिमज्जा साफ करायची आणि आधी साठवलेल्या पेशी परत सोडायच्या. ही पद्धत एएलमध्ये १९९० च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः बोस्टनमध्ये, रुजली. निवडक रुग्णांना तिने दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं दिली आहेत. पण निवडक या शब्दात सगळं आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत १०० रुग्णांपैकी निम्म्यांना प्रत्यारोपण आणि निम्म्यांना मेल्फालान आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या साध्या गोळ्या असं ठरवलं गेलं. गोळ्यांच्या गटाचं मध्यम आयुर्मान ५६.९ महिने आलं, प्रत्यारोपणाच्या गटाचं २२.२. कमजोर हृदयाच्या रुग्णांना त्या टेबलावर चढवल्याचा तो परिणाम होता. पुढे निकष कडक झाले : ट्रोपोनिन मर्यादेत, एनटी-प्रोबीएनपी ५,००० च्या खाली, वरचा रक्तदाब पुरेसा. तात्यांचा दाब ९६, बाकीचे दोन्ही आकडे रेषेच्या पलीकडे. थोरल्या मुलाने पुणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत प्रत्यारोपणाची चौकशी करून ठेवली होती. त्याला नाही म्हणताना मला वाईट वाटलं, पण माझ्या मनात शंका नव्हती.

दुसरा, मेल्फालान आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या. स्वस्त, घरी घेता येणाऱ्या. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने मेल्फालान-प्रेडनिसोन घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १८ महिने आणि कोल्चिसिन घेणाऱ्यांचं ८.५ महिने दाखवलं, तेव्हा या आजारावर काहीतरी चालतं हे पहिल्यांदा पक्कं झालं. डेक्सामेथासोन आल्यावर त्यात सुधारणा झाली. या गोळ्या काम करतात, पण सावकाश, आणि तात्यांच्या हृदयाला सावकाश चालणारं नव्हतं.

तिसरा, बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड आणि डेक्सामेथासोन यांचं साप्ताहिक मिश्रण. बोर्टेझोमिब प्लाझ्मा पेशींना त्यांच्याच टाकाऊ प्रथिनांत गुदमरवतं. लाइट चेनचा ढीग करणाऱ्या पेशींना ते जास्त झोंबतं. देशी जेनेरिकमुळे ते आपल्याकडे परवडतं. कित्येक रुग्णांत मी एवढ्यावरच चांगला निकाल पाहिला आहे. अडचण दोन : ११-१४ ची अदलाबदल असलेल्यांत त्याचा जोर कमी पडतो, आणि तात्यांच्या तळपायांना मधुमेहाने आधीच मुंग्या येत होत्या, बोर्टेझोमिब त्या वाढवतं.

चौथा, त्याच मिश्रणात डाराट्युम्युमॅब. प्लाझ्मा पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी-३८ या खुणेवर बसणारं हे प्रतिपिंड पोटाच्या कातडीखाली तीन ते पाच मिनिटांत टोचलं जातं. अँड्रोमेडा या चाचणीत ३८८ रुग्ण होते. डाराट्युम्युमॅब जोडलेल्यांपैकी ५३.३ टक्क्यांत रक्तातला आजार पूर्ण मावळला. नुसत्या तीन औषधांत १८.१ टक्क्यांत. सहा महिन्यांनी हृदयाची सुधारणा ४१.५ विरुद्ध २२.२ टक्के. त्यावर जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी याला मान्यता मिळाली. ८,५०० च्या वर एनटी-प्रोबीएनपी असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते. तात्या त्या रेषेच्या अलीकडचे, म्हणजे हा पुरावा त्यांना लागू होता. प्रश्न पैशांचा. तिसऱ्या पर्यायाचा हिशोब हजारांत होतो, चौथ्याचा लाखांत, आणि चाचणीत हे औषध दोन वर्षांपर्यंत दिलं होतं.

व्हेनेटोक्लॅक्स या गोळीचा विचारही केला. ११-१४ ची अदलाबदल असलेल्या पेशी तिला विशेष बळी पडतात. पण एएलसाठी ती अधिकृत औषध नाही आणि जंतुसंसर्गाची भीती आहे, म्हणून पहिल्याच फेरीत न वापरता राखीव ठेवली. साठलेलं अमायलॉइडच पुसून काढू पाहणाऱ्या प्रतिपिंडांबद्दल धाकट्या मुलाने इंटरनेटवर वाचलं होतं. त्यांतल्या बिर्टामिमॅब आणि अॅन्सेलामिमॅब या दोघांच्या मोठ्या चाचण्यांनी मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही असं २०२५ मध्ये जाहीर झालं. ऐकून तो गप्प झाला.

आणि शेवटचा पर्याय, केमो न देता फक्त पाणी उतरवत, त्रास कमी ठेवत राहणं. तोही मी सांगितला, कारण तो निवडण्याचा हक्क रुग्णाचा असतो.

पैशांचं बोलणं कुटुंबाने माझ्यासमोरच केलं. थोरला अर्धा एकर विकू म्हणाला. तात्यांनी स्वच्छ नकार दिला : "रान विकून आणलेली सुई मला लागू पडायची नाही." काकू आतापर्यंत बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "पहिले काही महिने तरी महागाचं, आणि मग स्वस्ताचं, असं होतं का?"

काकूंच्या प्रश्नातूनच योजना निघाली. चारही औषधं एकत्र सुरू करायची. डाराट्युम्युमॅब पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. सहा महिन्यांनी आकडे बघून पुढचं ठरवायचं. ठेवी आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधीकडचा अर्ज यावर सहा महिने निघणार होते. अँड्रोमेडात डाराट्युम्युमॅब असं मध्येच थांबवलेलं नव्हतं, म्हणजे सहा महिन्यांनी थांबलो तर तो निर्णय आमचा असेल, चाचणीचा नाही. हेही मी त्यांना सांगितलं. तरीही मला ही योजना पटली, कारण या आजारात सुरुवातीचे महिनेच सर्वांत मोलाचे असतात.

उपचारांचे दिवस

पहिला डोस वॉर्डात, मॉनिटर लावून. बोर्टेझोमिब नेहमीच्या निम्म्या मात्रेत, डेक्सामेथासोन ४० ऐवजी १० मिलिग्रॅम. अशा हृदयाला पहिल्याच दिवशी पूर्ण डोस देऊ नये. स्टिरॉइडने पाणी साठतं आणि ठोक्यांची लय बिघडते. नागिणीपासून बचावासाठी असायक्लोव्हिर. आठव्या दिवशी लॅम्बडा १६८ वरून ६१ वर आली. चौथ्या आठवड्यात ३३. आठव्या आठवड्यात निव्वळ आकडा १० च्या आत. तात्यांची वही सुरेख भरत चालली होती.

हृदयाचा आकडा मात्र उलट चढला. पाचव्या आठवड्यात एनटी-प्रोबीएनपी ८,९००. थोरला मुलगा अहवाल घेऊन दारातच उभा राहिला. स्टिरॉइडने धरलेलं पाणी आणि औषधांचा ताण यांमुळे सुरुवातीला हा आकडा चढू शकतो, लाइट चेन पडली आहे तोवर वाट बघू, असं मी सांगितलं. सांगताना माझ्या मनातही धाकधूक होती.

सहाव्या आठवड्यात एका रात्री छातीत धडधड सुरू झाली. जवळच्या दवाखान्यात ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल लय, दिसलं, ठोके १५०, आणि वेग कमी करायला डिल्टियाझेमचं इंजेक्शन दिलं गेलं. दुसऱ्या कुणाही रुग्णाला हा उपचार चालला असता. अमायलॉइडच्या हृदयात हे औषध हृदयाचा उरलासुरला जोर काढून घेतं. दाब ७० वर आला. दोन दिवस अतिदक्षता विभागात, अमिओडॅरोनवर लय आली, गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कायमची सुरू झाली. त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी तयार नाही. काय द्यायचं नाही, हे रुग्णाच्या खिशात लिहून देणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. त्या आठवड्यापासून आमच्या प्रत्येक अमायलॉइड रुग्णाकडे एक पत्र्याच्या कव्हरातलं कार्ड असतं : डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल देऊ नये, डिगॉक्सिन जपून, उभं असताना दाब तपासावा. मागच्या बाजूला रक्तपेढीसाठी एक ओळ. डाराट्युम्युमॅब लाल पेशींवरही बसतं, त्यामुळे रक्त जुळवण्याची चाचणी चुकीची 'न जुळणारी' येते आणि ऐन गरजेच्या वेळी रक्त मिळायला उशीर होतो. सुरुवातीलाच काढून ठेवलेला सविस्तर गट त्यासाठी होता.

चौथ्या चक्रानंतर तळपायांच्या मुंग्या वाढल्या, चप्पल पायातून निसटल्याचं कळेनासं झालं. बोर्टेझोमिब थांबवलं. पाचव्या महिन्यात रक्त आणि लघवी दोन्हींचं इम्युनोफिक्सेशन निगेटिव्ह, लाइट चेनचं गुणोत्तर नॉर्मल : रक्तातला आजार पूर्ण मावळला होता. (डाराट्युम्युमॅब स्वतः कापा प्रकारचं प्रतिपिंड असल्याने कापाच्या रुग्णांत त्याचीच रेघ अहवालात उमटून गोंधळ होतो. तात्यांची लॅम्बडा, म्हणून आम्ही त्यातून सुटलो.)

नवव्या महिन्यात एनटी-प्रोबीएनपी ३,४८०. सुरुवातीच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी. ३० टक्क्यांहून जास्त घट झाली की हृदय प्रतिसाद देतंय असं धरतात. इकोवर भिंत तशीच, १६ मिलिमीटर. ती पातळ झालेली दिसावी अशी घरच्यांची फार इच्छा होती. मी त्यांना भिंतीऐवजी तात्यांच्या चालण्याकडे बघायला सांगितलं. ते आता घरापासून कारखान्याच्या गेटपर्यंत, वाटेत एकदा टेकून, जात होते. जिना अजून नाही.

सहा महिन्यांनी थांबायचं की नाही हे ठरवायचं होतं, तेव्हा नुकताच पूर्ण प्रतिसाद मिळाला होता आणि डाराट्युम्युमॅब महिन्यातून एकदाच लागणार होतं. निधीतून काही रक्कम आली, धाकट्याने ठेव मोडली, आणि आम्ही ते चौदाव्या महिन्यापर्यंत नेलं. मग तात्यांनीच थांबू या म्हटलं. माझ्या मते चोवीस महिने करणं जास्त योग्य होतं, तसं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली नाही. आता दर महिन्याला मोकळ्या लाइट चेनची मोजणी होते. लॅम्बडा पुन्हा सरकायला लागली तर अवयवाची वाट न बघता उपचार सुरू करायचे, आणि तेव्हा डाराट्युम्युमॅब किंवा राखून ठेवलेलं व्हेनेटोक्लॅक्स यांतून निवड करायची, हे लिहून ठेवलं आहे.

इंजेक्शन थांबून सहा महिने झाले. परवा ते तपासणीला आले तेव्हा गाळप हंगाम सुरू झाला होता आणि कारखान्याच्या गेटवर गाड्यांची रांग बघून आल्याचं त्यांनी सांगितलं. लॅम्बडा १९, कापा १७. त्यांनी वही उघडली, भरलेल्या आणि मोकळ्या गाडीच्या रकान्यांत आकडे उतरवले, निव्वळच्या रकान्यात २ लिहिलं आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारली.